दुप्पट वेगातली ताई

माझं दुरुस्तीचं दुकान आहे, पण यंत्रांचं नव्हे, कपड्यांचं. पँट लांब असेल तर आखूड करायची, शर्ट घट्ट असेल तर उसवून सैल करायचा, चेन गेली तर नवी लावायची. दिवसभर हात सुईदोऱ्यात आणि पाय मशीनवर. रिकामे राहतात ते फक्त कान, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीच्या ताब्यात असतात.

ताई दुसऱ्या गावी एकटी राहते. पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षं काढून ती निवृत्त झाली आणि माझ्या लेकीनं तिला बोलून मेसेज पाठवायला शिकवलं. झालं! रोज साडेनऊला ताईचा आवाज हजर. आठ मिनिटं, नऊ मिनिटं, एकदा तर चौदा. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं का, शेजारणीच्या मांजरीनं या खेपेला कुणाच्या कपाटात पिल्लं घातली, डाव्या गुडघ्याचं आज काय म्हणणं आहे, सगळं सविस्तर.

"आई, मावशीचा मेसेज लावून तू चक्क पेंगतेस," असं म्हणत लेकीनं एक दिवस स्क्रीनवर कुठंतरी बोट लावलं आणि ताई एकदम पळत सुटली. नऊ मिनिटांची ताई साडेचार मिनिटांत संपली. मला इतका आनंद झाला की मी ते बोट परत काढलंच नाही.

मग ती सवयच जडली. बातम्या दुप्पट वेगात, शिवणाचे व्हिडिओ दुप्पट वेगात. नवरा दारात उभा राहून "अगं, माझं ते... हे... कुठं गं..." करायला लागला की याच्या कपाळावर एखादं बटण सापडतंय का, ते मी बघायची. ताईला उत्तर म्हणून एक अंगठा पाठवायची. गुडघ्याचा विषय निघाला तर दोन.

गिऱ्हाइकांनाही ताईची सवय झाली होती. एक उंच बस ड्रायव्हर आहेत. बाजारातली कुठलीच पँट त्यांच्या घोट्यापर्यंत पोचत नाही, म्हणून सारखे माझ्याकडे असतात. ते स्टुलावर बसले की आधी विचारायचे, "वहिनी, बाईंचा गुडघा काय म्हणतो?"

त्या मंगळवारीही ते बसले होते. मी त्यांच्या पँटची खालची घडी उसवत होते आणि फोनमधून ताईचा सकाळचा मेसेज किलबिलत होता, "निघालेगंबसमध्येबसलेखिडकीजवळजागामिळाली..."

"आज बाई फारच घाईत दिसतात," ड्रायव्हर हसून म्हणाले.

"घाईत नाहीये. अर्धा तास थांब्यावर उभी होते."

मला वाटलं, हेही फोनमधूनच आलं. मग लक्षात आलं की हा आवाज सावकाश होता. वर बघितलं तर दारात ताई. हातात पिशवी आणि चेहऱ्यावर असा भाव, की कुणीतरी तिचीच नक्कल करताना तिला सापडलंय.

"ही मी आहे?" तिनं फोनकडे बोट दाखवलं. "ही तर खार बोलल्यासारखी वाटतेय."

ड्रायव्हर स्टूल द्यायला इतक्या गडबडीनं उठले की टाचण्या लावलेल्या पँटवरच उभे राहिले.

"रोज अशीच ऐकतेस मला?"

"अगं, हात कामात असतात ना..."

"हातांचं नाही विचारलं. रोज?"

"रोज," मी म्हणाले.

"मंगळवारी येऊ का, न्यायला येशील का, असं गेल्या आठवड्यात विचारलं होतं. अंगठा आला होता तुझा."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. दुखऱ्या गुडघ्यानं ती थांब्यापासून चालत आली होती.

दोन दिवस ती राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला बटणं लावून दिली, माझ्या नवऱ्याच्या विनोदांना हसली, पण बोलणं मात्र पोस्टाच्या खिडकीवरचं. "हो." "नाही." "चालेल." आणि गेली. दुसऱ्या दिवशी साडेनऊला फोन वाजला. लिहिलं होतं, "पोचले. ठीक." त्याच्या पुढच्या दिवशी, "ठीक." चौथ्या दिवशी नुसता अंगठा.

मी फोन केला. "रागावलीस ना गं?"

"छे! तुझा वेळ कशाला घेऊ उगाच? ठेवते."

यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तरी गोड लागल्या असत्या. दुकानात मशीनचाच आवाज केवढा मोठा वाटायला लागला. मी गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. ड्रायव्हरनी गुडघ्याची चौकशी केली तर मला सांगता येईना. आणि खरं सांगायचं तर, माझी स्वतःची चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं. मी कशी आहे हे रोज विचारणारी ती एकटीच होती, आणि तीच आता गप्प बसली होती.

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून मी तिचे जुने मेसेज उघडले. बोट लावून वेग नेहमीचा केला. ताईचा आवाज आला. भारदस्त, जरा घोगरा, तिचा स्वतःचा.

"जेवलीस का वेळेवर?"

पुढे काहीच नाही. वाटलं, मेसेज बिघडला. पण आकडे सरकत होते. पंख्याचा आवाज येत होता, लांब कुणीतरी बादली ठेवली. पाचसहा सेकंद गेल्यावर ताई म्हणाली, "बरं."

मग, "पाठ दुखतेय का?" पुन्हा तेवढंच थांबणं. "शेकत जा."

तीस वर्षं खिडकीवर तिनं हेच केलं होतं. प्रश्न विचारायचा, समोरच्याचं उत्तर होईस्तोवर थांबायचं, मगच पुढचं. फोनवरही ती माझ्यासाठी तशीच थांबत होती. गोळाबेरीज केली तर दर मेसेजात मिनिटभराची जागा माझी होती, आणि मी ती गुंडाळून टाकली होती. एकात तिनं विचारलं होतं, "लेकीशी बोललीस का?" आणि थोडं थांबून म्हणाली होती, "हां, मग बरं झालं." माझं उत्तरही तिनंच मनात धरलं होतं. डोळ्यात पाणी आलं आणि हसूही फुटलं.

लेकीला हाक मारली. तिच्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, माझ्या फोनवर लावला तो मंगळवारी येण्याबद्दलचा मेसेज.

"मंगळवारी येऊ का?" ताईनं विचारलं. ती अकरा सेकंद थांबली होती.

"ये की! हे काय विचारणं झालं?" मी म्हणाले. "थांब्यावरच्या बाकावर बस हं, उभी राहू नकोस. मी येतेच."

"तुला अडचण असेल तर सांग."

"आहे. तू दोनच दिवस राहतेस, ही अडचण आहे."

"पाठ कशी आहे?"

"दुखते. तुला सांगितलं नव्हतं. रात्री कूस बदलताना तर..."

"बरं, मांजरीचं ऐक..." ताईनं मध्येच मला तोडलं, जन्मभर तोडत आली तसंच.

"आई, गप्प! मावशी बोलतेय," लेक खुसखुसत म्हणाली.

ते तसंच ताईला पाठवून दिलं.

सोमवारी साडेनऊ वाजले. पावणेदहा. ड्रायव्हर पँट न्यायला आले आणि माझं तोंड बघून मुकाट्यानं स्टुलावर बसले. सव्वादहाला फोन वाजला. अंगठा नव्हता. अकरा मिनिटं होती.

मी मशीन थांबवलं, हात मांडीवर ठेवले.

"ऐकलं," ताई म्हणाली. "दोनदा ऐकलं. पाठीचं मला ठाऊकच होतं, दुखणी लपवायची खोड तुझी जुनीच. पुढच्या महिन्यात येते. आठ दिवस. चालेल ना?"

आणि थांबली.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ड्रायव्हर फोनवर वाकून ओरडले, "चालेल की हो बाई! न चालायला काय झालं?"

"बरं," ताई म्हणाली. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो, त्यामुळे मांजरीचं पुढलं सगळं वाया गेलं. ते मी पुन्हा लावून ऐकलं.

मग फोन तोंडाशी धरून मी उत्तर द्यायला सुरुवात केली. "चालेल. पण आठ नाही, पंधरा दिवस राहायचं. कबूल?"

आणि गप्प राहिले. आकडे सरकत होते.

ड्रायव्हर हळूच म्हणाले, "वहिनी, बंद पडला काय?"

"शू," मी म्हणाले. "विचार करू दे तिला."