सोयाबीनच्या मुळावरची लाल गाठ

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. मातीखालचं मातीखालीच ठेवायचं, अशी आमची रीत. पण आता घरच उरलं नाही, म्हणून सांगते. मी सोयाबीनच्या मुळावरची एक गाठ, ज्वारीच्या दाण्याएवढी.

कोडोलीच्या शिवकुमारांनी त्या साली पहिल्यांदाच सोयाबीन केलं. पेरणीआधी त्यांनी जिवाणूंची काळी पूड गुळाच्या पाण्यात कालवली, बियाण्याला चोळली आणि बी सोप्यात सावलीला पसरलं. त्या पुडीत माझी माणसं होती, डोळ्यांना न दिसणारी.

बी रुजलं. कोवळ्या मुळानं त्यांना बोलावून घेतलं, केसासारखा तंतू वाकवून आत वाट दिली. ती वसली तिथे मी फुगले. पानं उन्हात साखर करून खाली धाडायची. ती खाऊन माझी माणसं हवेतलं नत्र धरायची आणि झाडाला द्यायची. उपकार कोण कुणावर करतंय, हे कधी कुणी विचारलं नाही.

चाळीस दिवसांनी शेजारचे आकाराम बांधावर आले. आदल्या साली मुळांना रोगाच्या गाठी येऊन त्यांची वांगी गेली होती. त्यांनी सहज एक रोप उपटलं आणि ओरडले, “शिवकुमार, आरं बघ की! ह्या गाठी! तुझंबी गेलं!”

“पानं तर हिरवीगार हाईत की.”

“माझ्या वांग्याचीबी व्हती. आत्ताच उपट, ह्यो रोग मातीत ऱ्हातोय. न्हाईतर पुढं ह्या रानात दगडं लावणार हाईस काय?”

शिवकुमारांची दानेश्वरी नववीत होती. तिनं एक गाठ नखानं फोडली. आत लाल निघालं. लाल म्हणजे गाठ जिवंत, कामात आहे, हा धडा तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात होता.

“आप्पा, लाल असली की ती...” ती पुटपुटली.

“बघ, रगात साकळलंय! पोरगीबी तेच सांगत्या,” आकाराम म्हणाले.

दानेश्वरीनं मान खाली घातली. आप्पांनी पहिलं रोप धरलं. मग दुसरं.

दुपारपर्यंत रान मोकळं झालं. माझ्या बहिणी मुळांसकट बांधावर वाळल्या. मी तेवढी तुटून मातीत राहिले.

संध्याकाळी दानेश्वरी एकटीच आली. ढिगाजवळ बसून स्वच्छ आवाजात म्हणाली, “रोग न्हवता. मला ठावं हुतं.” ऐकायला फक्त करपलेली पानं होती.

आता वरून साखर येत नाही. मी मऊ पडत चाललेय. माझी माणसं एकेक करून मातीत उतरताहेत. ती पुढच्या सोयाबीनची वाट बघतील. शिवकुमार मात्र म्हणतात, ह्या रानात ते पुन्हा न्हाय.

“ए, चल की! नांगर बांधाला लागला!” मातीतून माझंच कुणीतरी हाक मारतंय.

आले, आले. दानेश्वरी, एवढंच ऐक. जे ढिगाला सांगितलंस ते आजच घरी जाऊन आप्पांच्या समोर उभी राहून—