हजेरीची फळी

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत आमच्या गावाचं संग्रहालय आहे. होतं म्हणा. आता दारावर भली मोठी पाटी आहे, ‘व्यवसाय विकास सेवा केंद्र’, आणि तिच्या खाली, चष्मा पुसून वाचावं लागेल अशा अक्षरांत, ‘व संग्रहालय’.

मी शरयू. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं हे संग्रहालय मी सांभाळलं, म्हणून त्या पाटीचा मला राग. केंद्राचा राग नव्हता. गावातल्या पोरींना पापड-लोणच्यापलीकडचा धंदा कुणी शिकवत असेल, तर माझी कशाला ना असेल? पण चार दिवस नागपूरला लेकीकडे जाऊन आले आणि हॉलमध्ये पाय टाकला, तर वॉर्निशचा भपकारा. समोर चकचकीत काउंटर. त्याची वरची फळी मी कडेच्या खिळ्यांच्या भोकांवरून ओळखली.

ती हजेरीची फळी होती. जिनात कापूस निवडणाऱ्या बायकांना लिहिता येत नसे. म्हणून दाराजवळच्या सागवानी फळीवर प्रत्येकीने आपली खूण कोरलेली. कुणाची फणी, कुणाचा विंचू, कुणाचे पाच ठिपके. कामावर आलं की आपल्या खुणेखाली खडूची रेघ ओढायची. आता तिच्यावर रंधा मारून सगळं सपाट केलेलं.

“कुणाला विचारून केलंत हे?” मी केंद्राच्या अधिकाऱ्याला, मिहिरला विचारलं.

त्याने शांतपणे संग्रहालयाची नोंदवही उघडली. “मॅडम, यात तुम्हीच लिहिलंय.”

अक्षर माझंच. जिनमालकांच्या खुर्चीला दीड पान. त्यांच्या घोड्याच्या चाबकाला अर्धं. मग एक ओळ: ‘लाकडी फळी, जुनी.’

“आम्हाला वाटलं, पडून असलेलं लाकूड,” तो म्हणाला. मी वही फाडकन मिटली.

उद्घाटन अक्षय तृतीयेला होतं; असला मुहूर्त कोण सोडतो? कोकिळाबाईही दरवर्षी त्याच दिवशी आर्वीहून एसटीने यायच्या, पितरांचा दिवस म्हणून फळीवरच्या आपल्या आईच्या खुणेला कुंकू लावायला. हार, सेल्फी, पेढे यांतून वाट काढत त्या आल्या.

“फळी कुठी हाय, बाई?”

मी काउंटर दाखवलं. त्यांनी त्यावरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा. मिहिरने हसून फॉर्म पुढे केला. “बोला आजी, कोणता व्यवसाय सुरू करायचाय?”

“माह्या मायची खून येथीच होती,” त्या म्हणाल्या. “काऊन घासली?”

मग मात्र माझा तोल सुटला. वर्ध्याहून आलेल्या साहेबांसमोर मी मिहिरला नको नको ते बोलले. निर्लज्ज म्हणाले, अडाणी म्हणाले. खरं सांगते, बोलताना बरं वाटत होतं. सगळी घाण एकट्या त्याच्या अंगावर टाकता येत होती.

कोकिळाबाईंनी माझा हात धरला. “जाऊ द्या, बाई. पोरगं हाय, त्याले काय मालूम? तुमी फोटो तं काढून ठेवला असन ना? त्यालेच कुंकू लावतो मी.”

माझ्या फोनमध्ये मालकांच्या खुर्चीचे फोटो आहेत. तिच्यात बसलेल्या एकेका पाहुण्यासह.

“नाही काढला,” मी म्हणाले.

त्यांनी माझा हात सोडला. “एकबी नाई?”