तासभर हात लावायचा नाही

"काका, अजून किती वेळ? डबा नुसता टेबलावर ठेवून दिलाय!" संपादकांनी फिल्मच्या डब्याकडे हात नेला.

"हात लावू नका, साहेब. हलला की सगळं मुसळ केरात. वीस मिनिटं उरलीत."

वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये एकतीस वर्षं काढलेले काका साहेबांशी असं कधी बोलले नव्हते. पण आज कोपऱ्यातल्या स्टुलावर ती बाई बसली होती. तिची धाकटी बहीण शिलाईच्या कारखान्यातल्या आगीत गेली होती. मागच्या दाराला कुलूप होतं म्हणून सतरा जणी अडकल्या, असं आगीतून बचावलेल्या बायका सांगत होत्या. दार उघडंच होतं, हे मालकाचं म्हणणं मात्र कालच्या पहिल्या पानावर छापून आलं होतं. बहिणीने आगीच्या आदल्या दिवशी आत, मागच्या दारापाशी, मैत्रिणींबरोबर फोटो काढले होते. रोल घरी कॅमेऱ्यातच राहिला होता.

"नेहमी दहा मिनिटांत होतं की!"

"होतं. पण कारखान्यात खिडकी लख्ख आणि ते दार अंधारात, असं त्या बायका सांगतात. नेहमीसारखं केलं तर खिडकी जळेल, दार कोरं राहील. डब्यातलं औषध अगदी पातळ केलंय. न हलवता ठेवलं की उजेडाच्या जागी ते लवकर थकतं, अंधारात हळूहळू काम करत राहतं."

संपादकांनी आवाज खाली आणला. "कारखान्याच्या मालकांचा फोन होता. रोल त्यांना हवाय. तसाच द्या."

काकांची कानशिलं तापली. "त्यांना हवाय? सतरा जणी कोळसा झाल्या साहेब, आणि तुम्ही त्यांचा निरोप घेऊन येता? लाज कशी वाटत नाही? व्हा बाहेर!"

त्यांनी कडी घातली. बाहेरून दार बडवलं जात होतं, नोकरीच्या धमक्या येत होत्या. काका घड्याळाकडे बघत उभे राहिले.

फिल्म धुऊन, वाळवून त्यांनी मोठी प्रिंट काढली. लाल दिव्याखाली कागदावर आधी खिडकी उमटली, मग दार, कडी, कडीतलं कुलूप.

"ताई, हे इथे छापणार नाहीत. आगीच्या चौकशीत पुढे ठेवा. निगेटिव्ह कुणाच्याही हाती देऊ नका. आणि हे बघा, कुलूप अगदी स्पष्ट आलंय."

बाई ट्रेवर वाकली. कुलपाच्या शेजारी, दाराला टेकून तिची बहीण मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून हसत होती.

"दात दिसू नयेत म्हणून तोंड मिटून हसायची हो नेहमी," बाई म्हणाली. "इथे विसरली."