चमचाभर तेलाची कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव गोड नाही. जिने जन्मभर उकळते तेल पोटात धरले, तिच्याकडे साखरेची बोली मागू नये. त्यात एका बाईवर माझा राग आहे. तो अजून गेलेला नाही.

लाल तापलेल्या पत्र्यावर हातोडे पडले, त्यातून मी झाले. लोहाराने दोन कान जोडले आणि मला दुकानाबाहेर टांगले. तिथे एका आचाऱ्याने बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिले. माझा नाद त्याला पटला आणि मी त्याच्या हाताला लागले.

कारखान्याच्या फाटकासमोरच्या खानावळीत तो तळणीवर होता. तेव्हा मी करड्या रंगाची, कोरडी, हट्टी होते. जे टाकावे ते अंगाला चिकटून बसे. आचाऱ्याने मला हळूहळू तयार केले. तापवायचे, फडक्याने तेलाचा हात फिरवायचा, धूर निघू द्यायचा, निववायचे, पुन्हा तापवायचे. एकतीस वर्षांत त्याने मला साबण दाखवला नाही. काम झाले की गरम पाणी, कोरडे फडके आणि बोटभर तेल. असे करता करता माझ्या अंगावर काळी, गुळगुळीत साय धरली. अंडे फोडले तर लहान मूल घसरगुंडीवरून उतरावे तसे ते खाली येई. बटाट्याच्या कापांसाठी फाटकापर्यंत रांग लागे, आणि आचारी मला म्हणे, माझी काळी राणी.

खानावळ सुटली तेव्हा त्याने निरोपाचे दुसरे काही घेतले नाही. मला काखेत मारून घरी आला. बायको मागेच गेलेली. घरात एक माणूस आणि एक कढई. सकाळी तळण, दुपारी तळण, संध्याकाळी पुन्हा तळण. पोट पुढे आले, दम लागू लागला. घराचा जिना तेवढाच होता, पण त्याला तो रोज एक पायरी वाढल्यासारखा वाटे.

मग डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्या आहेत. दिवसाला तीन चमचे तेल, आणि तीन महिन्यांत दहा किलो वजन खाली. नाहीतर छाती उघडावी लागेल, आणि इतक्या वजनाचा माणूस त्या टेबलावरून उठेलच अशी खात्री देता येणार नाही.

हे ऐकून त्याची थोरली बहीण आली. आक्का. तिने तीस वर्षे इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रोग्यांचे जेवण रांधले होते. तिच्या ट्रंकेत चार लुगडी होती, एक वजनकाटा होता आणि एक तारेचा घासणा होता. इस्पितळात भांड्यात तोंड दिसेपर्यंत घासायचे असा नियम. तो नियम तिच्या हाडात मुरलेला. भाऊ बाहेर गेलेला पाहून तिने पदर खोचला, मला साबणाच्या पाण्यात दुपारभर बुडवले आणि मग तारेच्या घासण्याने खरवडले. माझी साय काळ्या पाण्यासारखी मोरीतून वाहून गेली. अंगावर गंजाचे ठिपके उठले.

आचारी परत आला. मला उलटसुलट करून बघितले. आवाज चढवला नाही.

“आक्का, तू कढई नाही घासलीस. माझी एकतीस वर्षं घासलीस.”

“एकतीस वर्षांचा मळ होता तो,” आक्का म्हणाली. “तोच तुझ्या छातीत बसलाय.”

तिथून त्या घरात वैर सुरू झाले. आक्का चमच्याने मोजून तेल घाली, पण मी आता उघडी पडले होते. फ्लॉवर चिकटे, कोबी करपे. मग ती पाणी ओती, आणि सगळ्याचा मऊ, पांढरा लगदा होई. खरे सांगते, मला आनंद होई. मी मुद्दाम जास्त चिकटवून धरी.

आचाऱ्याने एकदा चमचा बुडवला, वर धरला आणि म्हणाला, “तुझे रोगी बरे होऊन घरी का पळायचे, ते आज कळलं.”

“पळायचे तरी,” आक्का म्हणाली. “तुला जिना चढवत नाही.”

तो ताट सरकवून उठला. रोज फिरायला म्हणून बाहेर पडू लागला, आणि येताना त्याच्या मिशीला जुन्या खानावळीच्या तळणाचा वास येऊ लागला. तीन आठवड्यांनी वजन बघितले तर एक किलो वाढलेले. आक्काने काटा सरकवून पुन्हा पाहिला. किलो तिथेच.

एका दुपारी तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर खाली बसला आणि उठेना. स्वयंपाकघराचे दार उघडे होते, मला शेगडीवरून सगळे दिसत होते. तोंड राखेच्या रंगाचे, कपाळावर घाम. आक्का धावत गेली, त्याच्या शर्टाची बटणे सोडली. खिशातून तेलकट कागदाची पुडी खाली पडली. तिने ती बाजूला सारली. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक दाराशी आणून ठेवली. जाण्याआधी चिकटलेला फ्लॉवर ती माझ्यातून उलथन्याने खरवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझं मरण वाढायला मी आले नव्हते.”

आचारी पुढे झाला. मग त्याने मला तिच्या हातातून ओढून घेतले.

“आण इकडे. तुला कढई कळत नाही.”

तीन दिवस तो मला तापवत होता आणि निववत होता. फडके, धूर, फडके, धूर. आक्का खोकत खिडक्या उघडी आणि त्याला नावे ठेवी, पण ट्रंक दाराशीच राहिली. तिसऱ्या दिवशी फडके धुताना ती गुणगुणली:

*तापली, निवली, काळी झाली कढई,*
*भावाबहिणीची चुलीपुढं लढाई.*

चौथ्या दिवशी आक्काने फ्लॉवर तोलून दिला आणि एक चमचा तेल मोजून दिले. आचाऱ्याने आच मोठी केली. ती उलथने घेऊन पुढे झाली, तर त्याने हात आडवा धरला. हलवायचे नाही, खालून तांबूस होऊ द्यायचे. फ्लॉवर माझ्या अंगावरून सुटून आला, कडा खरपूस, आतून रसाळ. आक्काने वर लिंबू पिळले, मिरपूड आणि भाजलेले तीळ टाकले, शेजारी लसूण घातलेले दही ठेवले. तो खाऊ लागला आणि बोटे चाटू लागला. मित्रांनो, मी खजील झाले. इतकी वर्षे मला वाटे, चव माझ्या पोटभर तेलात आहे. ती तर आचेत होती आणि धीरात होती.

त्याने पुन्हा मागितले. आक्का म्हणाली, मोजून झाले.

मग रोज नवा वाद. भोपळ्याचे पातळ काप कुरकुरीत कसे करायचे, चणे आधी किती सुकवायचे, अळंबीला मीठ आधी की नंतर. दोघे एकमेकांची अक्कल काढत, आणि ताटे रिकामी होत. तीन महिन्यांनी नऊ किलो उतरले. छाती सध्या बंदच राहू द्या, म्हणाले डॉक्टर. राहिलेल्या एका किलोचे भांडण अजून चालू आहे. तो म्हणतो तुझा काटा खोटा, ती म्हणते तुझी पुडी खरी.

मित्रांनो, जुन्या वस्तूच्या अंगावरचे काळे दिसले की घासणा घेऊन धावू नका. ते कुणी धरवले आहे, किती दिवसांत, एवढे आधी विचारा. आक्काने विचारले नाही, म्हणून मी तिला माफ केलेले नाही.

पण खोटे कशाला बोलू? आता जेवणानंतर तीच मला गरम पाण्याने धुते, पुसते आणि बोटभर तेल लावते. ते तेल ती भावाच्या तीन चमच्यांतून घेत नाही. आपल्या वाटणीचे काढते, आणि स्वतःची भाजी कोरडी खाते. तो हे रोज बघतो. माझ्या तळाची खरवड उलथन्याने सोडवतो, जिच्यासाठी तो पूर्वी कुणाशीही भांडला असता, आणि कुरकुरत तिच्या ताटात ढकलतो.