गुरुवारची झोप

गिरजाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पिठाच्या हातानेच फोन कानाला लावला. पलीकडे व्हिसाच्या ऑफिसातली मुलगी होती. मराठीत बोलत होती आणि गोड बोलत होती.

"आजी, धम्मरत्न आणि आम्रपाली हे जोडपं तुमच्याकडे भाड्याने राहतं ना?"

"राहत्यात की. दोन वर्सं झाली."

"तुम्ही दोघांना नेहमी एकत्र बघता?"

खोटं बोलणं गिरजाबाईंना कधी जमलं नाही. आकुर्डीतली निम्मी आळी त्यांच्या जिभेला त्यासाठीच टरकून असे.

"एकत्र? न्हाई बाई. एकत्र म्या त्यांना कंदी पाह्यलंच न्हाई."

पलीकडे कीबोर्डवर टकटक वाजलं. मुलीने आभार मानून फोन ठेवला.

आम्रपाली चिंचवडच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, कायम रात्रपाळीला. धम्मरत्न चाकणच्या कंपनीत. तो अंधारातच कंपनीची बस पकडायचा आणि ओव्हरटाइम करून परतायचा, तोवर ती ड्युटीवर गेलेली असायची. खोलीची किल्ली गिरजाबाईंच्या दारातल्या खिळ्यावर. आता तिला न्यूझीलंडला नोकरी लागली होती. तिचा नवरा म्हणून त्यालाही तिकडे काम करायची परवानगी मिळणार होती, पण यांचा संसार खरा आहे हे ऑफिसला पटलं तर. नाही पटलं तर ती एकटीच जाणार होती.

संध्याकाळी तो किल्ली न्यायला आला तेव्हा गिरजाबाईंनी फोनचं सगळं सांगितलं. सांगता सांगताच त्याचा चेहरा उतरला आणि आपण काय करून बसलो ते त्यांना उमगलं.

"खरं तेच सांगितलंत, मावशी," तो किल्लीशी चाळा करत म्हणाला. "फोटोही मागितले होते त्यांनी. आमचे दोघांचे सगळे लग्नातलेच निघाले."

त्या रात्री गिरजाबाईंनी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. पोर एकटी परमुलखात जाणार आणि तेही आपल्या तोंडामुळे. सकाळी ऑफिस उघडायची वेळ होताच त्यांनी कालच्या नंबरवर बोट ठेवलं.

"पोरी, काल म्या अर्धंच बोलले. त्याची सुट्टी गुरुवारी, हिची रविवारी. गुरुवारी ती रातभर जागून आलेली असती, दिवसा झोपती. तवा ह्यो खोलीत पाऊल टाकत न्हाई. माझ्या ओट्यावर बसून घेवडा निवडतो. भंगारवाला आळीत शिरला की पळत जातो, दादा हळू, घरात झोपलीय म्हनून. मला कुकरची शिट्टी बी होऊ देत न्हाई."

"आणि रविवारी?"

"रविवारी रातीला असत्यात की दोघं घरात. पन तवा मी कशाला डोकावू?"

मुलगी पहिल्यांदाच हसली. "लिहिते, आजी."

"झोपेचं बी लिव्ह."

"तेही लिहिते."

व्हिसा आला. निघायच्या दिवशी दोघं पाया पडायला आली, आणि गिरजाबाईंनी त्यांना पहिल्यांदाच शेजारी शेजारी उभं पाहिलं. धम्मरत्न बायकोपेक्षा बोटभर बुटका निघाला. हे त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

"तिकडं तरी एका पाळीला काम बघा रं."

"बघतो, मावशी."

पुढच्या गुरुवारी गिरजाबाई ओट्यावर एकट्याच घेवडा निवडत होत्या. आळीच्या तोंडाशी भंगारवाल्याने हाळी दिली. गिरजाबाई सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात देत उठल्या आणि लगबगीने त्याच्यापर्यंत गेल्या.

"हळू रं बाबा."

भंगारवाल्याने गाडी थांबवली. खोलीच्या दाराला कुलूप होतं, ते तिथूनही दिसत होतं.

"आज कोण झोपलंय, आजी?"

गिरजाबाईंनी कुलपाकडे पाहिलं.

"कुनी न्हाई," त्या म्हणाल्या. "तरी हळू वरड."