टेंपोत आधी मी चढले

मी एक गाढवीण बोलतेय. हसलात ना? हसा, मला सवय आहे. आमच्या जातीचं नाव तुम्ही शिवी म्हणूनच जास्त वापरता. पण आज जे सांगायचंय ते हसण्यासारखं नाही.

माझा जन्म वीटभट्टीच्या मागे झाला. आई विटा वाहायची, पाठीत बळ आल्यावर मीही वाहू लागले. मालकाला सगळे अण्णा म्हणत. बायको लवकर गेलेली, एकुलती एक लेक लग्न होऊन दूर. मग काय, आम्ही चार जनावरं हाच त्यांचा संसार. अण्णांची एक रीत होती. सगळ्यांना हाकत बसायचं नाही, एकीला नीट शिकवायचं, बाकीची आपोआप मागे येतात. ती एक म्हणजे मी. मी वळले की तिघं वळत, मी थांबले की थांबत. याचा मला भारी तोरा होता.

आमचे पाय मांडीवर घेऊन अण्णा स्वतः खूर कापायचे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, आमचे अण्णा न अडताच धरायचे. दुसऱ्या कुणाला हात म्हणून लावू द्यायचे नाहीत.

मग भट्टीवर टेंपो आले आणि आमचं काम गेलं. बाकीच्यांनी आपली गाढवं विकून टाकली. अण्णा म्हणाले, "जन्मभर राबलात पोरांनो, आता बसून खा." मऊ मातीच्या परसात आम्हाला मोकळं सोडलं. इथंच चुकलं. कडक रस्त्यावर खूर झिजतात, बसून खाणाऱ्याचे वाढतच जातात. त्यात अण्णांचे हात थरथरायला लागले. एकदा सुरी निसटून माझ्या पायातून रक्त आलं, तर रडले तेच. पुन्हा त्यांनी सुरी हातात धरली नाही. आमचे खूर वाढून वर वळले. पाऊल टाकलं की कळ पार खांद्यापर्यंत जायची.

जनावरांचे हाल होतात का ते बघणाऱ्या सरकारी बाई आल्या. "आजोबा, यांचे खूर कापायला आमचा माणूस पाठवू?"

"नको. माझी जनावरं मी बघतो."

महिन्याभराने बाई परत आल्या त्या टेंपो घेऊनच.

"कधी उपाशी ठेवलं नाही हो मी यांना!" अण्णा म्हणाले.

"दिसतंय मला. पण यांना चालता येत नाही, आजोबा."

आम्हाला चढवताना माणसं घामाघूम झाली. गाढवंच ती, हलतील तर शपथ! दारात उभ्या अण्णांच्या तोंडावर जरा आशा दिसू लागली. तेवढ्यात कुणीतरी टेंपोत कोंड्याची बादली ठेवली. माझं पोट भरलेलं होतं हो. तरी वासाला भुलले आणि लंगडत फळीवरून वर चढले. मी चढले म्हटल्यावर तिघं मुकाट मागोमाग. अण्णांची शिकवण अण्णांवरच उलटली. ते एवढंच म्हणाले, "सावकाश गं, घसरशील." मग मी त्या कोंड्याला तोंडही लावलं नाही.

जनावरांच्या सरकारी निवाऱ्यात डॉक्टरांनी आमचे खूर थोडेथोडे कापून सरळ केले. कळ गेली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आणि जितकं बरं वाटे, तितकी स्वतःची लाज वाटे.

एके दिवशी लेकीला घेऊन अण्णा आले. डॉक्टरांपुढे हात जोडून म्हणाले, "तुमचा माणूस येऊ दे खूर कापायला. मी अडवणार नाही. माझी जनावरं द्या."

"मग न्या की," डॉक्टर हसले.

कुंपणापलीकडे अण्णा दिसले आणि मी धावत सुटले. किती वर्षांनी धावले असेन! जवळ जाऊन त्यांच्या छातीला डोकं घासलं. पण ते माझ्या पायांकडेच बघत राहिले.

"ही धावते?" ते पुटपुटले. "माझ्याकडे तर हिला उभंही राहवत नव्हतं."

"अण्णा, चला, घेऊन जाऊ यांना," लेक म्हणाली.

"नको. राहू देत इथंच. कोणत्या तोंडाने नेऊ?"

माझ्या कपाळावर थरथरता हात ठेवला, आणि ते वळले. मी ओरड ओरड ओरडले. गाढवाच्या ओरडण्याचा अर्थ कोण लावतं?

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्या वाटेवर कधी अण्णा भेटले तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, ती बरे झालेले पाय दाखवायला धावली नव्हती. तुम्ही घरी न्यायला आलात, म्हणून धावली होती.