कोनाड्यातलं नान

बुखाऱ्याच्या जुन्या शहरात मुनव्वरचं घर होतं, आणि त्या घरात स्वतःच्या मर्जीने एक खिळा ठोकायची सोय नव्हती. गल्लीतली सगळीच घरं शे-दीडशे वर्षांची, सरकारने जपलेली. दार रंगवायचं तर कागद, छताला मातीचा लेप द्यायचा तर कागद. "शिंक आली तरी आधी अर्ज करा!" असं मुनव्वर चिडून म्हणायची, पण घर सोडायचं नाव काढत नसे. तंदूर, बाजार, हमामखाना सगळं हाकेच्या अंतरावर. किटलीतला चहा निवायच्या आत माणूस जाऊन परत येई.

उद्या सकाळी तिचा शुहरत कोरियाला कामाला निघणार होता. लांब जाणाऱ्याने निघताना नानचा एक घास तोडायचा आणि उरलेलं नान घरात टांगून ठेवायचं, ही रीतच होती. तो परतला की बाकीचं त्यानेच संपवायचं, दुसऱ्या कुणी त्याला दात लावायचा नाही. नान टांगायला एखादा जुना खिळा सापडतो का, हे बघत मुनव्वर दुपारी पाहुण्यांच्या खोलीत भिंती चाचपत होती.

कोपऱ्यातला एक कोनाडा फळी मारून बंद केलेला होता. बारा वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हापासून तसाच. तिने सहज टकटक केलं, तर आत पोकळ. आता पोकळ वाजल्यावर कोणाला राहवतं? तिने सुरी घातली आणि फळी हातात आली. सरकारी कचेरीने विचारलं तर उंदरांचं नाव सांगायचं, हेही तिने त्याच क्षणी ठरवून टाकलं.

आत खिळा होता. खिळ्याला फडक्यात बांधलेलं एक नान, वाळून दगड झालेलं. कडेला एक घास तोडलेला.

या घरातून कोणीतरी गेलं होतं आणि परतलं नव्हतं. उद्या तिचाच पोरगा याच उंबऱ्यातून निघणार होता. हे नान कोणाचं, तो जिवंत तरी आहे का, हे कळल्याशिवाय पोराला पाठवायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

समोरच्या दारात हमरोबीबी बसलेली होती. गल्लीत कोण खोकलं ते घर न बघता सांगणारी बाई.

"बीबी, आमच्या घरातून कोण परदेशी गेलं होतं?"

"का गं?"

मुनव्वरने नानचं सांगितलं. बीबीच्या हातातली जपमाळ थांबली.

"अगं बाई! तरीच तुला घर विकलं त्या म्हातारीने सुतार बोलावला होता! लेकीकडे राहायला जायच्या आदल्या दिवशी. कशाला, ते मला सांगेना. मी तीन महिने बोलले नाही तिच्याशी. मग ती मेलीच."

"पण गेलं कोण?"

"तिचा सत्तोर. रशियात गेला, पंचवीस वर्षं झाली. ना पत्र, ना निरोप."

"म्हणजे मेला?"

"मेला कसला! आठ वर्षांपूर्वी परतला, तिसऱ्या गल्लीत कुलपं दुरुस्त करतो."

मुनव्वरचा आ वासला. "तो कुलूपवाला? आणि तुम्ही आठ वर्षं मला सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस का कधी? शिवाय, कुणाला सांगायचं नाही म्हणून त्याने मला नानवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती."

"मग आता कसं सांगितलंत?"

"हे नान त्या शपथेच्या नानपेक्षा जुनं आहे," बीबी म्हणाली, आणि माळ पुढे सुरू झाली.

मुनव्वर झपाझपा निघाली. चालता चालता एकेक गोष्ट जुळत गेली. दाराचं कुलूप तीनदा अडकलं होतं, आणि तिन्ही वेळा हा माणूस घरी यायला तयार नव्हता. 'काढून आणा', एवढंच उत्तर. त्यावरून तिने त्याला चार शब्द सुनावलेही होते. आता तिची तिलाच लाज वाटली.

सत्तोर कानस चालवत होता. पावलं ओळखून त्याने मान वर न करताच विचारलं, "कुलूप काढून आणलंत का, मुनव्वर-ओपा?"

"नाही. घरी चला, सत्तोर-अका. तुमचं नान ताटकळलंय."

कानस थांबली.

"थट्टा करू नका," तो हळूच म्हणाला. "घर विकलं तेव्हा आईने ते चिमण्यांना घातलं असणार. आशा सोडली असेल. तिचं काय चुकलं? आधी पाठवायला काही नव्हतं म्हणून मी पत्र लिहिलं नाही, मग पत्र लिहिलं नाही म्हणून लाज वाटली. आलो तोवर ती गेली होती."

"चिमण्यांना नाही घातलं. फळीमागे टांगून ठेवलं. या घरातली फळी कोणी हलवणार नाही, हे ठाऊक होतं तिला."

तो बराच वेळ हाताला लागलेलं तेल पुसत राहिला. मग उठला. दुकान उघडंच टाकून निघाला.

उंबऱ्याशी मात्र त्याचे पाय अडले. शुहरत पुढे झाला आणि पाहुण्याला हाताला धरून आत घेऊन आला.

नान हाताने तुटेना. सत्तोरने ते गुडघ्यावर आपटून फोडलं आणि कढत चहात बुडवलं. तो रडत होता आणि खात होता. मुनव्वरलाही रडू आवरेना. "आईने हटकलं होतं, घास मोठा तोड, लवकर परतशील म्हणून," तो म्हणाला. "मला गाडीची घाई होती." दस्तरखानाच्या कापडावर पडलेले कणसुद्धा त्याने बोटाने टिपून खाल्ले.

खिळा मोकळा झाला. उद्यापर्यंत थांबायचा धीर मुनव्वरला नव्हता. तिने सकाळी भाजलेलं ताजं नान आणून शुहरतपुढे धरलं. त्याने लाजत कडेचा इवलासा तुकडा दातांनी तोडला.

"हा काय घास झाला?" सत्तोर त्याच्यावर खेकसला. "मोठा तोड! आणि पाठवायला काही नसलं ना, तरी पत्र लिही."